तिशीत एमबीबीएस? आधी वयाचा तक्ता मांडा

'ताई, मला एकोणतिसावं लागलंय. आता एमबीबीएस होईल का?'

महिन्यातून एकदा तरी हा प्रश्न कानावर येतो. कधी चुलतभावाचा मित्र विचारतो, कधी डोंबिवली फास्टच्या लेडीज डब्यातली तोंडओळखीची. सगळ्यांना एका शब्दात उत्तर हवं असतं. मी उलट विचारते, 'काय होईल म्हणतेस? प्रवेश होईल, की डॉक्टर होशील, की सर्जन होशील?' या तिन्हींच्या वयाचा हिशेब वेगवेगळा आहे, आणि बहुतेकांनी फक्त पहिलाच केलेला असतो.

मी स्वतः २०१९ साली, सत्ताविसाव्या वर्षी, मुंबईतल्या एका कॉलेजात एमबीबीएसला लागले. त्याआधी इंजिनिअरिंग, मग चार वर्षं ऐरोलीत सॉफ्टवेअर टेस्टिंग. त्यामुळे खालचं सगळं कुणाच्या सांगण्यावरून नाही, बरंचसं स्वतः आपटी खाऊन कळलेलं आहे. ज्या क्रमाने तुम्हाला लागेल त्याच क्रमाने सांगते.

पहिली पायरी : नियम काय म्हणतो

नीट-यूजीला, म्हणजे एमबीबीएसच्या देशभराच्या प्रवेशपरीक्षेला, आज वरची वयोमर्यादा नाही. किती वेळा बसायचं यालाही मर्यादा नाही. खालची मर्यादा मात्र आहे : प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षं पूर्ण हवीत.

हे इतकं साधं नेहमी नव्हतं, म्हणूनच अजून घरोघरी 'पंचविशीनंतर देताच येत नाही' असं ठामपणे सांगणारे काका भेटतात. काका अगदीच चूक नाहीत, त्यांची माहिती शिळी आहे इतकंच. २०१७ साली पंचवीसची मर्यादा आली आणि त्या वर्षापुरती सर्वोच्च न्यायालयाने उठवली. ते ऐकून मी अभ्यासाला सुरुवात केली. जानेवारी २०१८ मध्ये वैद्यकीय शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या मेडिकल कौन्सिलने मर्यादा नियमातच घातली : खुल्या गटाला २५, राखीव गटांना ३०. मे महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाने ती योग्य ठरवली. मी सव्वीस वर्षांची, खुल्या गटातली. ऑफिसच्या बसमध्ये मोबाइलवर ती बातमी वाचली आणि ऐरोलीचा स्टॉप कधी गेला ते कळलं नाही. तरी पुस्तकं रद्दीत घातली नाहीत, निव्वळ हट्टापायी. २९ नोव्हेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने २०१९ ची परीक्षा पंचविशीवरच्यांनाही देऊ दिली, पण 'अंतिम निकालाच्या अधीन राहून'.

त्या चार शब्दांखाली मी जवळजवळ अडीच वर्षं शिकले. ॲनाटॉमीची व्हायव्हा देताना मनात असायचं, उद्या निकाल उलटा लागला तर? अखेर मेडिकल कौन्सिलच्या जागी आलेल्या नॅशनल मेडिकल कमिशनने २१ ऑक्टोबर २०२१ च्या बैठकीत वरची मर्यादा काढायचं ठरवलं आणि ९ मार्च २०२२ ला तसं पत्र निघालं. ती बातमी मात्र वर्गातल्या कुणाला विशेष वाटली नाही. त्या सगळ्यांचा जन्म २००१ चा.

याच काळात, २०२० साली, ओडिशातल्या ६४ वर्षांच्या एका निवृत्त बँक कर्मचाऱ्याने नीट पास होऊन बुर्ल्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजात प्रवेश घेतला होता. लोक ही बातमी अजून एकमेकांना पाठवतात. कौतुक जरूर करा, पण तुमचा हिशेब त्यांच्यावरून मांडू नका. त्यांची नोकरी करून झाली होती, तुमची अजून व्हायची आहे.

दुसरी पायरी : बाहेर पडण्याच्या दिवशी तुमचं वय किती असेल

कागद घ्या आणि वर आपलं प्रवेशाचं वय लिहा. प्रवेशाचं म्हणजे आजचं नाही. तयारीला दोन वर्षं धरून येणारं.

एमबीबीएस साडेचार वर्षं, त्यावर एक वर्ष सक्तीची इंटर्नशिप. महाराष्ट्रातल्या सरकारी आणि पालिकेच्या कॉलेजातून शिकलात तर एक वर्ष बंधपत्राची सेवा, म्हणजे सरकारी दवाखान्यात सक्तीचं काम. मग पदव्युत्तर करायचं असेल तर त्याची वेगळी प्रवेशपरीक्षा, नीट-पीजी. तिची तयारी, निकाल, फेऱ्या यांत एक वर्ष सहज जातं. एमडी किंवा एमएस तीन वर्षं. त्यानंतर पुन्हा बंधपत्राचं वर्ष. हृदय, मेंदू, मूत्रपिंड अशा अतिविशेष शाखेत जायचं तर आणखी तीन.

अठराव्या वर्षी लागलेला मुलगा साडेतेविसाव्या वर्षी इंटर्नशिप संपवतो आणि सगळं सरळ झालं तर अठ्ठाविशी-एकोणतिशीत एमडी होतो. तुम्ही तिसाव्या वर्षी लागलात तर इंटर्नशिप साडेपस्तीसला, बंधपत्र साडेछत्तीसला, एमडी चाळिशी ओलांडून. अतिविशेष शाखा धरली तर पंचेचाळिशी. यात एकही प्रयत्न वाया गेलेला धरलेला नाही.

आकडे बघून घाबरायचं कारण नाही. डॉक्टरला साठाव्या वर्षी कुणी दुकान बंद करायला सांगत नाही. एक्केचाळीसला एमडी झालेल्याला पंचवीस वर्षांची प्रॅक्टिस सहज मिळते. पण काही दारं या तक्त्यात आपोआप बंद होतात, ती आधीच खोडून टाका :

पुण्याचं सैन्यदलांचं मेडिकल कॉलेज, म्हणजे एएफएमसी, चोविशीच्या आतल्यांसाठी आहे, आणि उमेदवार अविवाहित हवा. सैन्यदलाच्या वैद्यकीय सेवेत शॉर्ट सर्व्हिस कमिशनने, म्हणजे ठराविक वर्षांसाठी, जायचं तर एमबीबीएसला ३० आणि पदव्युत्तर असेल तर ३५ ही हद्द आहे. यूपीएससीची कम्बाइन्ड मेडिकल सर्व्हिसेस, म्हणजे केंद्राच्या सरकारी डॉक्टरांची भरती परीक्षा, साधारणपणे ३२ पर्यंत देता येते, फक्त केंद्रीय आरोग्य सेवेसाठी ३५ पर्यंत, राखीव गटांना सवलत आहे. म्हणजे सत्ताविशी-अठ्ठाविशीनंतर एमबीबीएस सुरू करणाऱ्या खुल्या गटातल्या उमेदवाराने रेल्वेचा डॉक्टर होण्याचा विचार सोडलेला बरा. राज्य सरकारच्या नोकरभरतीत सर्वसाधारण मर्यादा खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ आहे. तिथे तिशीत लागलेल्यालाही वाव राहतो, फक्त इंटर्नशिपनंतर रेंगाळायला नको. खासगी दवाखाना आणि खासगी रुग्णालयाची नोकरी यांना वयाची अट नाही.

आता शाखेबद्दल माझं मत, पटलं तर घ्या. पस्तिशीनंतर पीजी करणाऱ्याने एमएस ऑर्थो किंवा जनरल सर्जरीची रेसिडेन्सी, म्हणजे पीजीची तीन वर्षं रुग्णालयात राबणं, निवडण्याआधी एखाद्या मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत रात्री दोन वाजता जाऊन उभं राहून बघावं. सलग छत्तीस तास काम करणं पंचविशीतल्यांनाही जड जातं. तुमच्या गुडघ्यांना आणि पाठीला ते तुमच्याआधी कळतं. फॅमिली मेडिसिन, मानसोपचार, पॅथॉलॉजी, कम्युनिटी मेडिसिन या शाखांत वय आड येत नाही. मानसोपचारात तर चार पावसाळे जास्त पाहिलेले असण्याचा फायदाच होतो, असं मला माझ्या पोस्टिंगमध्ये दिसलं. चाळिशीतला दारूचा पेशंट बावीस वर्षांच्या इंटर्नला काहीच सांगत नाही. मला सांगायचा.

तिसरी पायरी : बारावीला बायोलॉजी होतं का

बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान, आणि इंग्रजी हवं. तिन्ही शास्त्रं मिळून खुल्या गटाला ५० टक्के, राखीव गटांना ४० टक्के लागतात. मी बारावीला गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतले होते म्हणून सुटले. माझ्याबरोबर तयारीला लागलेली मैत्रीण फक्त गणितवाली होती. तिला तेव्हा सरळ नकार मिळाला. आता परिस्थिती सुधारली आहे : नोव्हेंबर २०२३ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने जाहीर केलं की बारावी झाल्यावर जीवशास्त्र जादा विषय म्हणून मान्यताप्राप्त मंडळातून पास झालेलेही नीटला बसू शकतात. म्हणजे कॉमर्सवाल्याला बारावीच नव्याने करावी लागेल, पण गणितवाल्या इंजिनिअरला एका विषयाचा प्रश्न आहे.

फक्त एक सावधगिरी. नीटला बसता येणं आणि महाराष्ट्राच्या कोट्यातून जागा मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राज्याच्या ८५ टक्के जागांसाठी अधिवास आणि दहावी-बारावी महाराष्ट्रातून, अशी अट असते. बाहेरच्या मंडळातून विषय देण्याआधी राज्यातले प्रवेश करणाऱ्या सीईटी सेलची त्या वर्षीची माहितीपुस्तिका उघडून पात्रतेचं पान शब्द न् शब्द वाचा. क्लासवाल्याच्या सांगण्यावर जाऊ नका.

चौथी पायरी : घर कोण चालवणार

वयाचा खरा प्रश्न इथे आहे, आणि हीच गोष्ट लोक सगळ्यात शेवटी बोलतात.

एमबीबीएस नोकरी सांभाळून होत नाही. थिअरीला ७५ टक्के आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी लागते, नाहीतर परीक्षेला बसू देत नाहीत. सकाळी आठ-नऊपासून वॉर्ड, मग लेक्चर, मग प्रॅक्टिकल. मी पहिल्या वर्षी रात्री घरबसल्या टेस्टिंगची कामं घेऊन बघितली. तीन आठवडे टिकलं. फिजिओलॉजीच्या पहिल्याच टर्म परीक्षेत नापास झाले आणि लॅपटॉप मिटला. इंटर्नशिपमध्ये विद्यावेतन मिळतं, पण त्यात मुंबईत एका माणसाचंही भागत नाही, कुटुंब तर लांबच. तेव्हा साडेचार वर्षं शून्य कमाई आणि एक वर्ष नावापुरती, असं धरून चला.

पालिका आणि सरकारी कॉलेजची फी झेपण्यासारखी आहे. खासगी कॉलेजात ती वर्षाला कित्येक लाख, आणि नवी मुंबईतल्या अभिमत विद्यापीठांत वीस लाखांच्या पुढे. अठराव्या वर्षी बापाने एवढी फी भरली तर परतफेडीला मुलासमोर चाळीस वर्षं असतात. तिसाव्या वर्षी शैक्षणिक कर्ज घेतलंत तर अभ्यासक्रम आणि त्यावर एक वर्ष हप्ता थांबतो, मग पंधरा वर्षांपर्यंतची परतफेड. शेवटचा हप्ता वयाच्या एक्कावन्न-बावन्नाव्या वर्षी. मधल्या काळात पीजी करायचं असेल तर हप्ते कुठून भरणार, हे बँकेच्या साहेबांना विचारण्याआधी नवऱ्याला किंवा बायकोला विचारा. माझं सरळ मत : तिशीनंतर सरकारी जागा मिळाली तरच घ्या. कर्ज काढून अभिमत विद्यापीठात जाऊ नका.

शिष्यवृत्तीबद्दलही आधीच चौकशी करा. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत एक व्यावसायिक अभ्यासक्रम पूर्ण केलेल्याला दुसऱ्या व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी लाभ मिळत नाही. इंजिनिअर होऊन आलेल्या माझ्या एका वर्गमित्राला हे प्रवेश झाल्यावर कळलं. त्याचं सगळं गणितच कोलमडलं.

आम्ही घरी काय केलं ते सांगते. आईची निवृत्ती दोन वर्षांवर होती. मी चार वर्षांच्या पगारातून जमलेले पैसे फिक्स्ड डिपॉझिटमध्ये टाकले आणि सहा भाग केले, एका वर्षाला एक. ज्या वर्षी त्या भागाबाहेर खर्च गेला त्या वर्षी दिवाळीला कपडे नाहीत, असा करार. करोनाच्या वर्षी लोकलचा पास वाचला हीच काय ती बचत.

पाचवी पायरी : अभ्यास, पण जुन्या पुस्तकांवर नाही

माळ्यावरची तुमची अकरावी-बारावीची पुस्तकं खाली काढू नका. नीट २०२४ पासून अभ्यासक्रम बदलला आहे. रसायनशास्त्रातून स्थायू अवस्था, पृष्ठरसायन, बहुवारिकं असे धडे गेले, जीवशास्त्रातून पचनाचा धडा गेला. नवी एनसीईआरटीची पुस्तकं आणा आणि ती पाठ होईपर्यंत वाचा. जीवशास्त्राचे ३६० गुण त्यातूनच येतात.

परीक्षा १८० प्रश्नांची, ७२० गुणांची, तीन तासांची. बरोबर उत्तराला चार, चुकलं की एक वजा. पेपर मराठीतूनही देता येतो. कामाचा अनुभव असलेल्यांना एक वाईट खोड असते, प्रत्येक प्रश्न समजून सोडवायची. नीटला एका प्रश्नाला एक मिनिट मिळतं. माझा जीव फिजिक्सने घेतला. समज चांगली होती, वेग गेला होता. शेवटचे पाच महिने नोकरी सोडून मी रोज सकाळी घड्याळ लावून पंचेचाळीस प्रश्न सोडवायचे. दादरच्या क्लासात सतरा वर्षांच्या पोरांच्या मधे बसायची लाज वाटली, पण ती आठवडाभरात गेली. पोरांना तुमच्याकडे बघायला वेळ नसतो.

किती वेळा बसायचं? नियमाने कितीही. मी म्हणेन तिशीतल्याने दोनदा, फार तर तीनदा. पहिल्या आणि दुसऱ्या प्रयत्नात गुण चांगले वाढले तरच तिसरा. 'यंदा नक्की' म्हणत पाचव्यांदा बसलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांचं नुकसान परीक्षेने केलं नाही, हातातून गेलेल्या वर्षांनी केलं.

सहावी पायरी : कागदपत्रं

अठराव्या वर्षी कागदपत्रं वडील जमवतात. तिशीत ती तुम्हालाच जमवायची असतात, आणि मधल्या दहा वर्षांत अर्धी हरवलेली असतात. नीटचा निकाल लागल्यावर धावपळ करू नका. फॉर्म भरला त्या आठवड्यापासून सुरुवात करा.

शेवटच्या कॉलेजचा सोडल्याचा दाखला लागतो, म्हणजे इंजिनिअरिंग केलं असेल तर तिथला. पदवी घेतली आणि दाखला कधी काढलाच नाही, अशी निम्मी जनता असते. अधिवासाचा दाखला लागतो. जात वैधता प्रमाणपत्र एकदा काढलं की पुरतं, पण नॉन-क्रीमी लेयरचा दाखला प्रवेशाच्या वर्षी वैध हवा आणि आर्थिक दुर्बल घटकाचा चालू वर्षाचा. ओबीसींनी अखिल भारतीय १५ टक्के जागांसाठी केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेगळा काढावा. राज्याचा तिथे चालत नाही.

खास तुमच्या-माझ्यासारख्यांसाठी असतं ते गॅपचं प्रतिज्ञापत्र. कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत काय केलं, त्या काळात दुसरीकडे प्रवेश घेतला नव्हता, कुठला गुन्हा नाही, हे नोटरीसमोर लिहून द्यायचं. एकही महिना मोकळा सोडू नका. मी नोकरी संपल्याची तारीख ३१ लिहिली आणि अनुभवपत्रावर होती २८. पडताळणीच्या टेबलावरच्या बाईंनी ते तीन दिवस माझ्याकडे मागितले. पुन्हा नोटरी, पुन्हा रांग.

लग्न झालेल्या मैत्रिणींनो, तुमच्यासाठी एक वेगळी गंमत आहे. दहावीच्या प्रमाणपत्रावर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, आधारवर नवऱ्याचं. फॉर्म दहावीच्या नावानेच भरा, आधार त्याच्याशी जुळवून घ्या, आणि विवाह नोंदणी प्रमाणपत्र जवळ ठेवा. राजपत्रात नावबदल करून घेतला असेल तर त्याची प्रतही. पूर्वी त्यासाठी चर्नी रोडच्या शासकीय मुद्रणालयात खेटे घालावे लागत, आता अर्ज ऑनलाइन होतो.

सातवी पायरी : पसंतीक्रम भरताना

तुमच्या बारावीच्या वेळची आणखी एक शिळी माहिती इथे आड येते. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असा ७०:३० चा प्रादेशिक कोटा असायचा. २०२० साली तो रद्द झाला. आता राज्यभराची एकच गुणवत्ता यादी. म्हणजे परळचं केईएम, सायनचं लोकमान्य टिळक, मुंबई सेंट्रलचं नायर, भायखळ्याचं जेजे, जुहूचं कूपर, कळव्याचं ठाणे पालिकेचं कॉलेज, या सगळ्यांसाठी लातूरचा आणि अकोल्याचा हुशार पोरगाही रांगेत असतो. जीटी आणि कामा रुग्णालयांना जोडून २०२४ साली ५० जागांचं नवं सरकारी कॉलेज सुरू झालं आहे, तेही यादीत घ्या.

उलट तुम्हाला गोंदिया, चंद्रपूर, नंदुरबार लागू शकतं. अठरा वर्षांच्या मुलाला तो अनुभव चांगलाच. पण घरी तीन वर्षांचं मूल किंवा डायलिसिसवरचे वडील असतील तर ती कॉलेजं पसंतीत टाकण्याआधी घरात बसून बोला. मिळालेली जागा कायम ठेवायची म्हणून स्टेटस रिटेन्शनचा फॉर्म भरलात की पुढच्या फेरीतून तुम्ही बाहेर. तो फॉर्म घाईत भरू नका आणि रागात तर अजिबात नाही.

एकदा प्रवेश झाला की मग थोडी सवड असते. पहिलं वर्ष पास व्हायला चार प्रयत्न मिळतात आणि पूर्ण अभ्यासक्रम प्रवेशापासून नऊ वर्षांत संपवायचा असतो. बाळंतपण, घरचं आजारपण यांत एखादी बॅच मागे पडली तरी दार बंद होत नाही.

परदेशाचा विचार असेल तर

थोडक्यात सांगते. बाहेर शिकायलाही नीट पास लागते. अभ्यासक्रम इंग्रजीतून किमान ५४ महिन्यांचा, तिथेच १२ महिन्यांची इंटर्नशिप, परत आल्यावर पात्रता परीक्षा आणि इथे पुन्हा इंटर्नशिप. तुमच्या तक्त्यात किमान दीड-दोन वर्षं वाढवा. एजंट हे सांगताना 'सहा वर्षांत डॉक्टर' एवढंच सांगतो.

वय कमी पडत असेल तर

काही पालक उलटा प्रश्न घेऊन येतात. मुलगी हुशार, लवकर शाळेत घातलेली, बारावी झाली आणि सतरा पूर्ण व्हायला १ जानेवारी उजाडते. एका दिवसासाठीही सूट नाही. जन्मदाखला 'दुरुस्त' करून देणारी माणसं मुंबईत मिळतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. ती भानगड दहा वर्षांनी नोंदणीच्या वेळी वर येते. एक वर्ष मुलीला झोपू द्या, पोहायला शिकू द्या, आणि तयारी पक्की करा.

तक्ता जुळत नसेल तर दुसरी दारं

ज्यांना पांढरा कोट हवा आहे त्यांना हे पटणार नाही. ज्यांना दवाखान्यातलं काम हवं आहे त्यांनी वाचावं. देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालय व्यवस्थापनाचे दोन वर्षांचे पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत, कुठल्याही शाखेच्या अनुभवी माणसाला तिथे मान असतो. फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीला महाराष्ट्रात नीट द्यावी लागते, पण एमबीबीएसइतके गुण लागत नाहीत. नर्सिंगमध्ये जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या पदविकेला, वरची मर्यादा ३५ आहे. वरळीच्या पोदारसारख्या कॉलेजातून बीएएमएस करायचं तर वर्षं एमबीबीएसइतकीच लागतात, तेव्हा 'वय झालं म्हणून आयुर्वेद' हे कारण चुकीचं. आयुर्वेद आवडत असेल तरच जा.

घरच्यांशी बोलताना

माझ्या आजीने एकच मुद्दा काढला होता : 'आनंदीबाई विशीत डॉक्टर झाल्या, तू तिशीला टेकून शिकायला निघालीस.' तिला मी रखमाबाई सांगितल्या. मुंबईच्या, आनंदीबाईंच्या वयाच्याच, १८६४ चा जन्म. बालपणी झालेल्या लग्नाच्या खटल्यात तरुणपणीची वर्षं गेली. १८८९ ला त्या लंडनला मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या तेव्हा पंचविशीला आल्या होत्या. परत येऊन सुरत-राजकोटला पस्तीसएक वर्षं प्रॅक्टिस केली आणि नव्वद वर्षं जगल्या. आजीचं समाधान झालं की नाही माहीत नाही, पण नंतर ती शेजारणींना रखमाबाईंची गोष्ट सांगताना मी ऐकलं.

पहिला दिवस

वर्गात पोरं तुम्हाला ताई किंवा दादा म्हणतील. म्हणू द्या. नोट्स मागताना तेच नातं उपयोगी पडतं. शिकवणारी रेसिडेंट तुमच्याहून चार वर्षांनी लहान असेल आणि सगळ्यांसमोर झापेल. तिला मॅडमच म्हणायचं, आणि मनात वय आणायचं नाही. वॉर्डातले मामा आणि मावशी मात्र गोंधळतात. आमच्या वॉर्डातल्या मावशी माझ्या वर्गातल्या पोरांना 'ए बाळा, बाजूला हो' म्हणायच्या आणि मला पहिल्याच दिवशी 'मॅडम, आठ नंबरचं सलाइन संपलंय' असं सांगून गेल्या. मला सलाइनची बाटली उलटी की सुलटी ते माहीत नव्हतं. पेशंटचे नातेवाईकही तुमच्याकडेच येतील, केस पिकलेले असतील तर नक्कीच. 'मी विद्यार्थी आहे, सिस्टरला बोलावते' हे वाक्य आधीच पाठ करून जा.

आणि ॲप्रन दोन शिवून घ्या. प्रवेश होईपर्यंत ऑगस्ट-सप्टेंबर उजाडतो, आणि डोंबिवलीच्या खिडकीत एकुलता एक ॲप्रन रात्रीतून वाळत नाही.